मृदंगाशेजारचा टाळ

बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव येथें श्रीगजानन महाराज १८७८ सालीं प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. १९१० सालीं ते तेथेंच समाधिस्थ झाले. त्यांच्या पालखीबरोबर आषाढीसाठीं पंढरपुरास पायीं जाणाऱ्या दिंडींत मृदंग व टाळ हीं दोन तालवाद्यें शेजारीं शेजारीं वाजतात. ऐकणारांची वाहवा बहुधा मृदंगाच्या वांट्यास येते. टाळ काय, कोणींही वाजवावेत, असा समज आहे. तो खरा नव्हे.

मृदंगाच्या डाव्या पुडीवर कणीक असते, उजवीवर शाई. म्हणून घुमारा आणि खणखणीत बोल हे दोन्ही त्यांतून निघतात. काशाच्या टाळांना एवढा विस्तार नाहीं. मोकळा झणत्कार आणि दाबलेला नाद, एवढेंच त्यांचें भांडवल. परंतु आठ मात्रांच्या भजनी ठेक्यांत मृदंगी लग्गी लावून दूर जातो, तेव्हां ठेका टाळकऱ्यांच्याच हातीं असतो. त्यांनींही कुसर आरंभिली, तर अभंगाचे शब्द बुडतात आणि पावली खेळणारांचीं पाउलें चुकतात.

ही शिस्त जुनी आहे. आळंदीच्या पालखीसोहळ्यास एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकरांनीं व्यवस्थित रूप दिलें. त्या सोहळ्यांत समाजआरतीच्या वेळीं चोपदारानें चोप उंचावला कीं शेंकडों टाळ एकदम थांबतात. शेगांवच्या संस्थानानेंही गांवोगांवच्या भजनी मंडळांना वीणा व मृदंगाबरोबर टाळ पुरविले आहेत. मृदंगाला दाद अवश्य द्यावी. मात्र तो निर्धास्तपणें खेळतो आहे, त्या अर्थीं शेजारचे टाळ ठेका सांभाळीत आहेत, हेंहि ध्यानीं घ्यावें.