अंगावर काढलेला इतिहास

माझी आजी सुईण होती. मांगवाड्यातली. रात्री-अपरात्री गावातून हाक आली की पदर खोचून निघायची. वाड्याच्या माजघरात बाळाची नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची आणि पाणी मात्र ओंजळीत वरून घ्यायचे. काम विटाळाचे म्हणून ते आमच्या वाट्याला आले. त्यातून आलेले शहाणपण कोणी ज्ञान म्हणून मोजले नाही. गावभरच्या अडलेल्या बाया सोडवणाऱ्या आजीचे स्वतःचे अंग बाहेर येत होते. तिने ते कोणाला सांगितले नाही. मी नर्स झाल्यावर आईने मला सांगितले, तेव्हा आजी नव्हती.

याला आपल्याकडे शब्द आहे : दुखणे अंगावर काढणे.

हे अंगावर काढणे बाईचा स्वभाव नव्हे, ती व्यवस्था आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो त्यांनी तयार केला होता व पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला. सरकारी कुटुंबनियोजन सुरू झाले १९५२ साली. जुलै १९४२ मध्ये नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तेथेही बाबासाहेब स्वच्छतेविषयी बोलले, लग्नाची घाई करू नका म्हणाले, मुले फार होऊ देऊ नका म्हणाले.

पुढे सरकारी मोहीम आली, पण तिने फक्त आकडा घेतला. ऐंशीच्या दशकात मी उपकेंद्रात होते. शस्त्रक्रिया किती झाल्या, हे दर महिन्याला विचारले जाई. अंगावरून पांढरे जाणाऱ्या किती बायांशी बोललीस, हे एकदाही नाही.

१९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे माझी आजी एकटी नव्हती.

तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पांढरे जाते म्हणून दवाखान्यात जावे, तर कॅन्सरची भीती घातली जाते. जो जंतुसंसर्ग बहुधा गोळ्यांनी बरा होतो, त्यासाठी कर्ज काढून पिशवी गेली. पूर्वी बाई न सांगता मरत होती. आता तिने सांगितले, तर तिला लुटले.

म्हणून मी वस्तीत बसते तेव्हा साधेच सांगते. पाळीची घडी साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा, लाजेने अंधारात नको. वास येणारे, खाज आणणारे पाणी जात असेल तर नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचे का, हे विचारा. पाळी गेल्यावर रक्त दिसले तर थांबू नका. पिशवी काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगर लावूनही होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या बायांना ती शिकवली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ साली सिद्ध झाले.

दहावी शिकलेल्या बाया! आजीला कोणी इतके शिकवले असते तर?

चवदार तळ्याचे पाणी हा हक्क होता. आपल्या देहाची माहिती हाही तसाच हक्क आहे. कार्यकर्त्यांनो, पुढच्या सभेत हा विषय बायांच्या बैठकीवर ढकलू नका. व्यासपीठावर घ्या.