दोन साथी आणि एक बँक

सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहुणा राजा. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला गावांच्या नावामागे लागलेला हा ‘राजा’ जाधवरावांची आठवण आहे. सिंदखेड जिजाऊंचं जन्मगाव, देऊळगावात याच घराण्याच्या आश्रयाने वाढलेलं बालाजीचं देवस्थान, आणि मेहुणा राजा हे परंपरेनुसार संत चोखामेळ्यांचं जन्मस्थान. खडकपूर्णेवरच्या धरणालाही आज संत चोखामेळा सागर म्हणतात.

हा मुलूख सीमेवरचा. 1853 नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, शेजारचं जालना मात्र 1948 पर्यंत निजामाकडेच राहिलं. देऊळगावच्या माणसाला अजूनही जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जालना जवळ पडतं. अशा कडेच्या तालुक्याचं म्हणणं मुंबईपर्यंत पोचवायचं, तर आमदाराला आवाज थोडा चढवावाच लागतो.

विधानसभेच्या नकाशावर देऊळगाव राजा येतं सिंदखेड राजा मतदारसंघात. 1995 साली इथून डॉ. राजेंद्र शिंगणे अपक्ष म्हणून निवडून आले. त्या वर्षी राज्यात चाळीसहून जास्त अपक्ष विधानसभेत पोचले होते. वडील भास्करराव शिंगणे जिल्ह्याच्या सहकार चळवळीतले, त्यामुळे सोसायटी, बँक, साखर कारखाना हे शब्द घरातलेच. 1999 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. शिंगणे त्या पक्षात गेले आणि 1999, 2004, 2009 अशा तिन्ही वेळा जिंकले.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड काळ दोन साथींचा. 2009 साली ते राज्याचे आरोग्यमंत्री होते. त्या वर्षी 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो या साथीचा पहिला बळी. पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, टॅमीफ्लू फक्त सरकारी यंत्रणेतून मिळत होतं. मास्क हा शब्द तेव्हाच घराघरांत पोचला.

दहा वर्षांनी कोरोनाच्या साथीत तोच मास्क परत आला. 2019 अखेरीस शिंगणे उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि त्यांच्याकडे अन्न व औषध प्रशासन खातं आलं. एरवी भेसळीच्या बातमीपुरतं आठवणारं हे खातं 2020 च्या मार्चपासून सॅनिटायझर, रेमडेसिवीर आणि ऑक्सिजन यांच्याशी जोडलं गेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिवीरच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते, काळाबाजारावर छापे पडत होते. त्या दिवसांत कोणताही मंत्री सगळ्यांना पुरा पडला नाही, हे सांगायलाच हवं. पण एका कोरडवाहू, कडेच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीवर राज्याच्या आरोग्याचा भार दोनदा आला, याची नोंद जिल्ह्याच्या इतिहासात राहायला हवी. बुलढाण्याचं पालकमंत्रीपदही त्या काळात त्यांच्याकडेच होतं.

मतदारांनी त्यांना हारही दाखवली. 2009 आणि 2019 अशा दोन लोकसभा निवडणुकांत ते शिवसेनेच्या प्रतापराव जाधवांकडून हरले. 2014 मध्ये विधानसभेची जागा शिवसेनेच्या डॉ. शशिकांत खेडेकरांकडे गेली. 2019 च्या उन्हाळ्यात लोकसभा हरलेला हा उमेदवार त्याच वर्षीच्या दिवाळीत पुन्हा आमदार झाला.

शेवटचा पेच मात्र बँकेचा. नागपूर आणि वर्ध्याबरोबर बुलढाण्याची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक डबघाईला आली होती. खरिपाच्या तोंडाशी पीककर्ज मिळालं नाही, तर शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठावं लागतं. सोयाबीन-कपाशीच्या या पट्ट्यात ते नवं नाही. 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर शिंगणे अजित पवारांसोबत गेले. बँकेला सरकारी मदत मिळावी म्हणून हा निर्णय घ्यावा लागला, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. विरोधकांना ते पटलं नाही. तरीही सहकारी बँक जगवणं हा इथे चुलीशी जोडलेला प्रश्न आहे, हे शेतकरी जाणतो.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते शरद पवारांकडे परतले आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला उभे राहिले. लढत तिरंगी झाली. खेडेकर रिंगणात होते, अजित पवारांच्या पक्षाचे मनोज कायंदेही होते. निकालात कायंदे निवडून आले आणि पाच वेळा आमदार राहिलेले डॉ. शिंगणे माजी आमदार झाले.