‘नॉमिनी’ आणि ‘वारस’ : एका अर्थभेदाचा इतिहास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील सहकारी गृहसंस्थांच्या व्यवहारात ‘नॉमिनी’ हा शब्द पूर्णपणे रुळला आहे. सभासदाच्या पश्चात ज्याला घर मिळते तो नॉमिनी, असाच त्याचा अर्थ घरोघरी केला जातो. कायद्यातील अर्थ याहून वेगळा आहे. हा अर्थभेद कसा उत्पन्न झाला व संगणकावरील खात्यांच्या संदर्भात त्याचे महत्त्व काय, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

‘वारस’ हा शब्द अरबीतून मराठीत आला. त्याच्या अर्थात हक्क अनुस्यूत आहे. ‘नॉमिनी’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी केवळ ‘नाव’ आहे. विमा अधिनियम (१९३८), महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम (१९६०) आणि बँकिंग कायद्यातील १९८३ ची दुरुस्ती यांनी नामनिर्देशनाची सोय केली ती मुख्यतः मृताची ठेव कोणाच्या तरी हाती सोपवून संस्थेस मोकळे होता यावे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात (डिसेंबर १९८३) हेच स्पष्ट केले : विम्याची रक्कम स्वीकारणारा नामनिर्देशित तिचा मालक ठरत नाही. (विम्यापुरता जवळच्या आप्तांसाठी २०१५ मध्ये अपवाद करण्यात आला.)

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर कागदावरून संगणकीय नोंदींत गेले, आणि वाद पुन्हा उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१० मध्ये शेअरांचा नॉमिनी हाच मालक मानला. २०१६ मध्ये खंडपीठाने ते मत अमान्य केले. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निर्णय कायम केला. दरम्यान २०१९ च्या दुरुस्तीने गृहसंस्थेतील नामनिर्देशितास ‘तात्पुरता सभासद’ म्हटले होते. येथे संज्ञा प्रथमच अर्थाशी प्रामाणिक झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता तोच प्रश्न ई-मेल, छायाचित्रे व पत्रव्यवहार यांच्या बाबतीत उद्भवला आहे. गूगलने २०१३ मध्ये, फेसबुकने २०१५ मध्ये व ॲपलने २०२१ मध्ये खातेदारास आपल्या पश्चात एखादी व्यक्ती नेमण्याची मुभा दिली. परंतु तिचे अधिकार सर्वत्र सारखे नाहीत. फेसबुकवर नेमलेल्या व्यक्तीस मृताचे खासगी संदेश वाचता येत नाहीत. ॲपलच्या व्यवस्थेत संदेश मिळू शकतात, साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. वैयक्तिक विदेसंबंधीच्या २०२३ च्या भारतीय कायद्याच्या १४ व्या कलमातही नामनिर्देशन आहे. तेथे सोपविले जातात ते मृताचे विदेविषयक हक्क, मालमत्ता नव्हे.

तात्पर्य, नाव नोंदविल्याने वारसा ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने (२०००) मृत्युपत्रास आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणून ते आजही कागदावर, स्वाक्षरीने व सामान्यतः दोन साक्षीदारांसमक्षच करावे लागते. खात्यांची यादी त्यासोबत ठेवावी, आणि प्रत्येक ठिकाणी नेमलेली व्यक्ती सांभाळणारी आहे की घेणारी, हे त्यात शब्दांनी लिहावे. तसे न झाल्यास अर्थनिर्णय शोकाकुल कुटुंबाला आपसांत, किंवा न्यायालयात, करावा लागतो.