करोडगिरी नाक्यापलीकडची गाडी

माझ्या लहानपणी आमच्या आदिलाबादला रूळ संपायचे. मुदखेडहून निघालेली मीटरगेज भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत सागाच्या रानातून यायची आणि आमच्या स्टेशनात येऊन विसावायची. तिच्या पुढं पैनगंगा, आणि पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड. पुढं ती लाईन रुंद झाली, नदी ओलांडून वणी-माजरीकडं गेली. पण आमच्या घरात ‘गाडी’ म्हटलं की ही गाडी कुणाच्या मनात येतच नसे. आजीची गाडी पलीकडची होती. शकुंतला.

आजी कारंजा लाडची. नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावची, आणि त्याचा तिला फार मान. लग्न होऊन ती निजामाच्या राज्यात आली तेव्हा कारंज्याहून यवतमाळपर्यंत शकुंतलेनं आणि पुढं पांढरकवड्यावरून दमणीनं. वाटेत तीन मुक्काम झाले असं आजी सांगे. तिची धाकटी बहीण, आम्ही तिला माई म्हणतो, चार झाले म्हणे. चौथा मुक्काम कुठं झाला यावर दोघींचं म्हातारपणीही जमलं नाही. माई तर त्या वरातीत जेमतेम सहा-सात वर्षांची असणार, तिला काय आठवणार, असं आजीचं म्हणणं. पण मुक्कामाला चुलीवर रोडगे भाजले होते आणि वांग्याच्या भाजीत मीठ पडायचं राहिलं होतं, यावर मात्र दोघींचं एकमत.

गंमत अशी, की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच. १८५३ पासून ते इंग्रजांच्या हाती होतं आणि १९०२च्या करारानं कायमच्या पट्ट्यानं त्यांच्याकडं गेलं. पण मालक एक असला तरी नाणी दोन. आमच्याकडं हाली रुपया, तिकडं कलदार. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. आजीला दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी यायचा, आणि परतताना गाठोड्यात सांडगे, सरगुंडे, तीळ, एखादं नवं लुगडं असायचं. नाकेदार गाठोडं उपसू लागला की आजी सरगुंड्यांचं फडकं आधी पुढं करी. म्हणे, “मोडले त तुमच्या घरून भरून घेईन, बापा.” नाकेदाराला मराठी कितपत कळे कोण जाणे, पण गाठोडं परत बांधलं जाई.

शकुंतला म्हणजे अडीच फुटांची नॅरोगेज. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर. आणि मूर्तिजापूरहून दुसरा फाटा दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला. रूळ घातले किलिक निक्सन या विलायती कंपनीनं, आणि घातले ते काही आजीच्या माहेरपणासाठी नव्हे, कापसासाठी. काळ्या मातीतला कापूस जिनिंगमधे यायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी दाबल्या जायच्या, आणि त्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर चढून मुंबईला, तिथून जहाजानं मँचेस्टरला. माणसं आपली गाठींच्या सोबतीनं जायची. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाईन कितीतरी वर्षं कंपनीच्याच नावावर राहिली. मँचेस्टरात १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन थेट १५ एप्रिल १९९४ला उतरवलं आणि डिझेलचं लावलं. आजी तेव्हा होती. तिला सांगितलं तर एवढंच म्हणाली, “आता धूर डोयात नाई जाणार. मंग गाडीत बसल्यासारखं वाटंन कसं?”

गाडीचा वेग हा आमच्या घरातला जुना विषय. लासिन्याच्या आसपास कुणी पोट्टं उतरून बोरं वेचून पुन्हा डब्यात चढलं, ही गोष्ट प्रत्येक मामा स्वतःची म्हणून सांगायचा. स्टेशनं अशी धाकटी, की पुष्कळ ठिकाणी तिकीट द्यायलाही गार्डच. दारव्हा मोतीबागला गाडी बराच वेळ थांबे, तेवढ्यात बायका शिदोरी सोडत. ज्वारीची भाकर, पाटोडी, कांदा, आणि तेलात परतलेला मिरचीचा ठेचा. आजीच्या मते पाटोडी घरी कधी तशी लागत नाही. ती डब्यातच, हादऱ्यांसोबत खावी.

पण घरात शकुंतलेला जो मान होता तो १९४८ सालामुळं. रझाकारांचे दिवस. पोलीस ॲक्शन सप्टेंबरात झाली, १३ ते १७ तारखांत. आमची माणसं त्याच्या आधी, उन्हाळ्याच्या शेवटाला निघाली. आबाजी, म्हणजे आजोबा, पुढं, तीन बैलगाड्या, दागिने ज्वारीच्या पायलीत पुरलेले. वऱ्हाडची हद्द जवळ, म्हणून सरहद्दीवरची कितीतरी कुटुंबं अशीच पैनगंगा ओलांडून गेली. उमरखेडला तर निजामाविरुद्धच्या लढ्याचं केंद्रच होतं. आमच्यांनी रात्री नदी ओलांडली. पाणी घोट्याइतकं होतं असं आबाजी सांगत. आजीच्या सांगण्यात ते दरवर्षी थोडं चढायचं. मी कॉलेजात असताना कमरेपर्यंत आलं होतं. मला वाटतं ती भीतीची खोली सांगत होती, आणि ती खरीच असणार.

यवतमाळच्या स्टेशनावर पोचले तेव्हा आजीच्या कनवटीला हाली रुपये, आणि तिकडं चालणार कलदार. कडेवर माझी आत्या, पोटात माझे वडील. गार्डनं आत्याकडं पाहिलं, म्हणाला, बसा बाई. आजीचं म्हणणं, त्यानं पैसे घेतलेच नाहीत. आबाजींचं म्हणणं, त्यांनी एका जिनिंगवाल्या ओळखीच्याकडून कलदार उसने घेऊन तिकिटं काढली, आणि पुढं ते फेडलेही. खरं काय ते आता कोण सांगणार. आम्ही नातवंडं आजीच्या बाजूची. वडील कारंज्याला जन्मले आणि चार महिन्यांचे होऊन आदिलाबादला परतले, तेव्हा राज्य बदललं होतं. पुढं १९५६ला भाषावार प्रांत झाले. आमच्या जिल्ह्यातले किनवट, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेले, आणि आम्ही आदिलाबादकर आंध्रात राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत आबाजींच्या वेळची उर्दू. माहेर-सासरच्या मधे पुन्हा एक हद्द. गाडी मात्र तिथंच होती.

गेल्या दशकात ती थांबली. आधी यवतमाळचा फाटा, मग अचलपूरचा.

मधे माझा भाचा, इंग्लंडात डर्बीला असतो तो, मला एका पायवाटेवर घेऊन गेला. “मावशी, तुला सायकल येते ना अजून?” आदिलाबादच्या मुलीला हे विचारायचं! आम्ही शाळेला सायकलनंच गेलो. वॉटरहाऊसेस नावाच्या खेड्यात त्यानं दोन सायकली भाड्यानं घेतल्या आणि तिथून ह्यूम एंडपर्यंत आठेक मैल, डांबरी, सपाट, एकही जीवघेणा चढ नाही. दोन्हीकडं हिरवे डोंगर, चुनखडीचे कडे, उंचावर थॉरची गुहा. आधी हॅम्प्स नदी, मग मॅनिफोल्ड. उन्हाळ्यात दोघी वाटेतच जमिनीखाली जातात, नुसते दगड उरतात. पैनगंगा पाहिलेल्या माणसाला ते पात्र ओळखीचं वाटलं. लहान मुलं, म्हातारे, अपंगांच्या खुर्च्या, सगळं त्या वाटेवर. शेवटाकडं एक बोगदा लागतो, तिथं मोटारींनाही वाट द्यावी लागते. ह्यूम एंडला जुनं तिकीटघर राखून ठेवलंय. तिकडं ओटचे पातळ केक मिळतात. आपलं धिरडंच ते, फक्त मिरची विसरलेलं.

तिथं बसल्यावर भाच्यानं फोनवर शोधून वाचून दाखवलं आणि मी खाणं थांबवून ऐकत राहिले. ही वाट म्हणजे एक रेल्वे होती. १९०४ साली सुरू झाली, दूध आणि सहलीची माणसं वाहिली, १९३४ला बंद पडली, आणि १९३७ला तिचे रूळ उचलून लोकांसाठी रस्ता झाला. रुंदी अडीच फूट, म्हणजे शकुंतलेइतकीच. आणि ती आखणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपला बार्शी लाईटवाला! कुर्डुवाडी-बार्शी लाईन त्यानं १८९७ला चालू केली. ती पुढं पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. बार्शीला जे जमलं, तेच हलके रूळ आणि तोच हिशेब त्यानं या खोऱ्यात नेला. इथल्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव होतं. आमच्या आबाजींच्या आत्या आषाढीला कुर्डुवाडीहून बार्शी लाईटच्या मालडब्यात उभ्यानं पंढरपूरला गेल्या होत्या, हे आम्ही ऐकत आलो. ती लाईन पुढं टप्प्याटप्प्यानं रुंद झाली, आजही गाड्या धावतात. तिची ही विलायतेतली धाकटी बहीण तीस वर्षांतच थकली, पण तिची वाट जगली. नव्वद वर्षं होत आली.

परतल्यावर मला राहवेना. पुतण्याला घेऊन दारव्ह्याच्या बाजूला शकुंतलेच्या कडेकडेनं सायकल चालवली. चालवली म्हणजे, जमेल तिथं. रूळ गवतात दिसतात, मधेच नाहीसे होतात. बाभळी वाढल्यात, रायमुनियानं भराव झाकलाय, बेशरम पाण्याच्या कडेला माजलीय. तरी कडेची पायवाट मोडलेली नाही. वावरात जाणाऱ्या बाया त्याच वाटेनं जातात, शाळेची पोरं जातात. एका लहान पुलाखाली बैल पाणी पीत होते. वेचणीचे दिवस होते, दोन्हीकडं पऱ्हाटी पांढरी. एवढा सौम्य चढ, एवढी सावली, गावागावांना जोडणारी आणि मोटारींपासून दूर असलेली वाट आपल्याकडं दुसरी कुठं आहे?

लोकांची मागणी गाडीची आहे, रुंद रुळांची, आणि ती रास्त आहे. अचलपूर-दर्यापूरच्या माणसाला मूर्तिजापूर गाठायला गाडी हवी. यवतमाळला वर्ध्याकडून नवी लाईन येते आहे, वर्धा-कळंब तुकडा २०२४ला सुरूही झाला. मग दारव्ह्याकडच्या या भरावाचं काय? गाडी येणार असेल तर येऊ दे. पण येईपर्यंत तो तुकड्यातुकड्यानं नांगरला जाऊ नये, कुणाच्या कुंपणात जाऊ नये. एकदा सलगपणा गेला की ना गाडी ना वाट. पूल शाबूत आहेत तोवर मुरूम टाकून दाबला, रायमुनिया काढला, तरी लाडखेडची पोरगी दारव्ह्याच्या शाळेत सायकलनं येईल. मला हे फार मनापासून वाटतं, आणि मी भेटेल त्याला सांगते.

माईला सांगितलं तेव्हा तिला पटलं नाही. नव्वदी ओलांडलीय, कारंज्यातच असते, ऐकू कमी येतं. मी फोनवर मॅनिफोल्डचे फोटो दाखवले. तिनं ते डोळ्याजवळ धरून पाहिले. “आन् गाडी?” “गाडी नाही, माई. सायकली.” “म्हंजे शिदोरी कुटी सोडाची?” मी म्हटलं, मधे बाकं आहेत. बाकं तिला चालली. मग तिनं यवतमाळपासून एकेक स्टेशन म्हणायला सुरुवात केली, लासिना, लिंगा, लाडखेड. आणि मला बजावलं, की पुढच्या खेपेला निघशील तर दारव्ह्यापर्यंत दम धर, पाटोडी आधी सोडू नको, आणि कांदा मात्र इथून नको नेऊ, तिथं वावरातून मागून घे, कोणी नाही म्हणत नाही.