हलका तरी भारी? ऑफ-रोड गाड्यांचा ॲल्युमिनियम बंपर कसा बनतो, कसा बसतो आणि आपल्याकडे चालतो का?

चिखलात रुतलेली थार, पुढे दणकट बंपर, त्यातून बाहेर येणारी विंचची दोरी आणि झाडाला बांधून स्वतःच स्वतःला ओढून काढणारी गाडी. असं रील तुम्ही एकदा तरी पाहिलं असेल. खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो, "भावा, बंपर कुठून बनवला?"

त्याआधी विचारायला हवेत असे प्रश्न वेगळे आहेत. बंपर कशाचा आहे? तो चॅसीला कसा बसवलाय? टक्कर झाली तर एअरबॅग वेळेवर उघडेल का? आणि ही गाडी पुणे-मुंबई रस्त्यावर चालवली तर कायदा काय म्हणतो? एकेक करून बघू.

कंपनीचा बंपर असतो तरी कसा?

बाहेरून दिसतो तो प्लास्टिकचा मुखवटा. बहुतेक आधुनिक गाड्यांत त्याच्या मागे एक आडवा बीम असतो आणि बीम व चॅसीच्या मधे चुरगळण्यासाठीच बनवलेले डबे असतात. टक्कर झाली की हे डबे घडी पडत आत जातात आणि धक्क्याचा बराच भाग गिळतात. म्हणजे कंपनीचा बंपर मोडतो, कारण तो मोडण्यासाठीच बनवलेला असतो. तो मोडतो म्हणून आतली माणसं वाचतात.

ऑफ-रोडिंगची गरज नेमकी उलटी असते. दगडावर घासलं तर फुटू नये, विंच बसवता यावा, शॅकल अडकवता यावं आणि चढावर नाक टेकू नये. या दोन गरजांची ओढाताण हाच या विषयाचा गाभा आहे.

हे सुरू कुठून झालं?

या प्रकाराचं माहेर म्हणावं तर ऑस्ट्रेलिया. तिथल्या ओसाड अंतर्भागात रात्री कांगारू अचानक रस्त्यावर येतो. रेडिएटर फुटला तर पुढची वस्ती शेकडो किलोमीटरवर. त्यामुळे तिथे गाडीपुढचं लोखंडी कडं, म्हणजे बुल बार, ही हौस नसून गरज होती. या क्षेत्रातलं आज जगभर माहीत असलेलं 'एआरबी' हे नाव १९७५ साली मेलबर्नमध्येच सुरू झालं. तिथे स्टीलसोबत ॲल्युमिनियमचे बुल बारही सर्रास दिसतात.

पण ऑस्ट्रेलियाने हा प्रकार मोकाट सोडला नाही. पादचाऱ्यांना इजा कमी व्हावी म्हणून अशा बारचा आकार आणि कडा कशा असाव्यात, यासाठी २००२ मध्ये स्वतंत्र मानक आलं. अमेरिकेत जीप आणि पिकअप ट्रकवाल्यांमध्ये वेगळी परंपरा रुजली. तिथे कापलेल्या पत्र्यांचे संच मिळतात आणि हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये स्वतः वेल्डिंग करून बंपर जोडतात.

ॲल्युमिनियमच का? थोडा हिशेब

एक लिटर आकारमानाचा स्टीलचा ठोकळा साधारण ७.८५ किलो भरतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा ठोकळा २.७ किलो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. मग बंपरचं वजनही एक तृतीयांश होणार का? नाही.

ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच असतो. तेवढाच ताठ पत्रा हवा असेल तर जाडी सुमारे १.४ पट वाढवावी लागते. ४ मिलिमीटर स्टीलच्या जागी ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम. एक चौरस मीटर पत्र्याचं वजन बघा: स्टील ३१ किलोच्या वर, ॲल्युमिनियम १६ किलो. म्हणजे खरी बचत निम्म्याची. तीही काही कमी नाही.

कारण बंपरचं वजन बसतं पुढच्या चाकांच्याही पुढे, आणि तिथे तरफेचा नियम लागू होतो. २०२० च्या थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर आहे. पुढच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे ४० किलो वाढवले, तर पुढच्या ॲक्सलवर ४० नाही, सुमारे ५३ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल १३ किलोंनी हलका होतो. त्यात विंचचे आणखी ३५-४० किलो धरा. स्प्रिंग बसतात, ब्रेक मारल्यावर नाक जास्त दबतं, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या घाटात लवकर घसरतात. बंपर हलका हवा तो मायलेजच्या आधी या तोलासाठी.

कोणतं ॲल्युमिनियम?

दुकानात "ॲल्युमिनियमचा पत्रा द्या" म्हणून चालत नाही. ग्रेड विचारावा लागतो.

- ५०५२-एच३२ : वाकवायला चांगला, वेल्डिंगला सोपा, गंजाला टिकाऊ. घड्या असलेल्या बंपरच्या पत्र्यासाठी सोयीची निवड.
- ५०८३ : बोटी आणि जहाजांच्या बांधणीत वापरला जाणारा ग्रेड. खाऱ्या हवेत उत्तम.
- ६०६१-टी६ : तिघांत सर्वात जास्त ताकद. पण लहान त्रिज्येत वाकवला तर तडकतो. म्हणून तो सपाट प्लेट, ब्रॅकेट आणि पाइपसाठी बरा.

६०६१-टी६ ची आणखी एक गोम आहे. त्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या दोन्ही बाजूंची साधारण २५ मिलिमीटरची पट्टी मऊ पडते आणि तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. कागदावर भक्कम दिसणारा बंपर टाक्याशेजारीच फाटतो, तो या कारणाने. म्हणून जाणकार कारागीर सर्वात जास्त ताण येणाऱ्या जागी टाका येऊच देत नाही. येत असेल तर तिथे मागून त्रिकोणी आधारपट्टी देतो.

बनतो कसा?

१. मापं. मूळ बंपर उतरवून चॅसीच्या टोकांची भोकं, रेडिएटर, हॉर्न, वायरिंग आणि सेन्सरच्या जागा टिपून घेतात. पुढचं चाक पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून टायर कुठे लागतो तेही बघतात. ही पायरी गाळली की पहिल्याच खड्ड्यात टायर बंपरला घासतो.

२. कोन. पुढच्या टायरपासून गाडीच्या नाकाच्या सर्वात खालच्या बिंदूपर्यंत रेघ ओढली की तिचा जमिनीशी होणारा कोन म्हणजे अप्रोच अँगल. २०२० च्या थारचा तो ४१.८ अंश आहे, पाच दारांच्या जिम्नीचा ३६ अंश. नवा बंपर आखूड आणि कडेला वर उचललेला असेल तर हा कोन वाढतो. नुसता दणकट दिसावा म्हणून खाली लोंबता बंपर लावला, तर पैसे देऊन कोन कमी केल्यासारखं होतं.

३. पुठ्ठ्याचा साचा. संगणकावर चित्र असलं तरी पुठ्ठा कापून गाडीवर लावून बघण्याला पर्याय नाही. पुठ्ठ्यातली चूक कात्रीने सुधारते, पत्र्यातली चूक पैशाने.

४. कापणी आणि घड्या. पत्रा लेझर, प्लाझ्मा किंवा वॉटरजेटवर कापतात आणि प्रेस ब्रेकवर घड्या घालतात. जितक्या घड्या जास्त, तितके टाके कमी. घडीमुळे पत्रा ताठ होतो, टाक्यामुळे मऊ पडतो. चांगल्या डिझाइनची ही सोपी खूण.

५. वेल्डिंग. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २,००० अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणून आधी तेलकटपणा पुसून, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशने पत्रा घासावा लागतो. मग एसी करंटवर टिग वेल्डिंग, ज्याला आपल्याकडे सरसकट आर्गॉन वेल्डिंग म्हणतात. आधी गाडीवरच छोटे टाके मारून फिटिंग तपासतात, नंतर खाली उतरवून पूर्ण वेल्डिंग करतात. आच एकाच जागी लागली तर पत्रा पिळवटतो, म्हणून आलटून पालटून टाके घेतात.

विंच आणि टो हुक : इथे चूक जिवावर बेतते

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी, असा ठोकताळा आहे. अशा गाड्यांवर सर्रास दिसणारा ९,५०० पौंडांचा विंच म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची ओढ. एवढी ओढ पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टाकायची नसते. त्यामुळे बऱ्याच ॲल्युमिनियम बंपरच्या आत विंचसाठी स्टीलचा पाळणा असतो, जो बोल्टने थेट चॅसीला जोडलेला असतो. शॅकलच्या कड्यांचंही तेच. भार कड्यातून थेट चॅसीत गेला पाहिजे, पत्र्यातून नाही.

ॲल्युमिनियमचा एक स्वभाव इथे लक्षात ठेवावा. स्टीलवरचा ताण एका मर्यादेच्या आत राहिला, तर वारंवार हिसके बसूनही ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नसते. छोटे छोटे हिसके साठत जातात आणि एक दिवस तडा जातो. ताणलेल्या दोरीच्या टोकाला असताना कडं निसटलं, तर ते काचेतून आरपार जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक मोठ्या ट्रिपनंतर टाके आणि ब्रॅकेट टॉर्च मारून बघायचे. केसाएवढी चीर दिसली तरी त्या कड्याने ओढायचं नाही.

बसवताना

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले झाले, की बॅटरीसारखी विद्युत क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत हे आणखी लवकर होतं. उपाय साधा आहे: मधे नायलॉन किंवा रबराचा थर, बोल्टभोवती तशीच बुशी, आणि सांध्यावर गंजरोधक पेस्ट. बोल्टचं डोकं थेट ॲल्युमिनियमवर न टेकवता खाली रुंद, जाड वायसर द्यायचं.

दुसरं, ॲल्युमिनियम उन्हात स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १.७ मीटरचा बंपर तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यावर दीड मिलिमीटरहून जास्त लांबतो. म्हणून काही भोकं लांबट ठेवतात. बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाने आवळायचे आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. रेडिएटरची हवा, हेडलाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हेही तेव्हाच पाहायचं. समोरच्या रडारपुढे धातू आला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आंधळी होते.

एअरबॅगचं काय?

गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय, हे सेन्सर मोजतात आणि काही मिलिसेकंदांत एअरबॅग उघडायची की नाही ते ठरवतात. हा हिशेब कंपनीने मूळ बंपर आणि चुरगळणारे डबे गृहीत धरून, गाड्या भिंतीवर आदळून बसवलेला असतो. ते डबे काढून तिथे ताठ ब्रॅकेट लावला की धक्क्याचा आलेखच बदलतो. एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा किरकोळ धक्क्यातही उघडू शकते. परदेशातले जबाबदार उत्पादक प्रत्येक मॉडेलसाठी घडी पडणारे ब्रॅकेट बनवून चाचणी घेतात. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग कितीही सुरेख झालं, तरी ही चाचणी होत नाही. "आपला बंपर एअरबॅगवाल्या गाडीला चालतो" असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते तोंडीच समजा.

समोरच्या माणसाचाही विचार हवा. प्लास्टिकचा बंपर पादचाऱ्याच्या पायाला लागतो तेव्हा दबतो. टोकदार कडांचा धातूचा बंपर दबत नाही.

आणि आपला कायदा?

७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरच्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, असं हे कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचं कारण ठरू शकतो.

मग हे बंपर आपल्याकडे दिसतात कुठे? गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत. तिथे विंचशिवाय पान हलत नाही, पण तिथे ड्रायव्हर हार्नेसमध्ये जखडलेला असतो, भोवती रोल केज असतो आणि वाटेत शाळेतून परतणारी पोरं नसतात. ज्या बंपरने तिथे गाडी वाचते, तोच शहरातल्या सिग्नलवर दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरू शकतो.

म्हणून रोजच्या रस्त्यावर चालणारी गाडी असेल, तर कंपनीचा मूळ बंपर, कंपनीनेच दिलेले टो हुक आणि एक चांगला रिकव्हरी पट्टा यांवर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा होतात. त्यातूनही रुतलात, तर सोबतची दुसरी गाडी कामी येते. ऑफ-रोडला एकट्याने जायचं नसतं, ते यासाठीच.