पिंपाने दिलेला रंग

भट्टीतून नुकतीच उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. मग बाटलीतला तांबूस रंग येतो कोठून? तो येतो लाकडातून, आणि या लाकडाची हकिकत स्पेनपासून सुरू होते.

दक्षिण स्पेनमधील हेरेस शहराच्या परिसरात शेरी हे द्राक्षमद्य तयार होते. ब्रिटनमध्ये त्याला मोठी मागणी होती. ओक लाकडाच्या पिंपांतून ते जहाजाने येई. रिकामी झालेली पिंपे स्कॉटलंडमधील व्हिस्की गाळणाऱ्यांनी स्वस्तात घेतली. निमित्त काटकसरीचे होते. पण त्यांत मुरलेली व्हिस्की गडद आणि मऊ होते, असे अनुभवास आले. पुढे 1915 साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटनने न मुरलेली व्हिस्की विकण्यास कायद्याने बंदी घातली. किमान मुदत आधी दोन आणि लगेचच तीन वर्षे ठरली. स्कॉच व्हिस्कीसाठी तीन वर्षांची अट आजही आहे.

या काळात पिंपात काय घडते? मद्यार्क लाकडातील टॅनिन विरघळवतो. लिग्निनच्या विघटनातून व्हॅनिलिन मिळते. लाकडात जिरलेली शेरीही उतरते. हे काम बरेच लवकर होते. मात्र लाकडातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनच्या साहाय्याने कच्चा उग्रपणा जाण्यास अनेक वर्षे लागतात.

म्हणूनच शेरीच्या पिंपातील चार-पाच वर्षांची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत केवळ अंकुरित बार्लीपासून गाळलेली व्हिस्की, चाखणाऱ्याला फसवू शकते. रंग गडद, वासात मनुका, अक्रोड, संत्र्याची साल. पण पाण्याचे काही थेंब घातले की मागचा कच्च्या धान्याचा वास आणि जिभेवरचा तिखटपणा जाणवतो. शिवाय कारमेलचा रंग मिसळण्यास कायद्याची मुभा आहे. तेव्हा रंग हा वयाचा पुरावा नव्हे.

वर्गात हे दाखवायला मद्य नको, चहापत्ती पुरे. तीच पत्ती दोनदा, दोन्ही वेळा तीन-तीन मिनिटे, तेवढ्याच गरम पाण्यात ठेवा. वेळ सारखा, रंग मात्र वेगळा! पुन्हापुन्हा वापरलेल्या पिंपाचेही असेच होते.

1980च्या दशकात पिंपांतून शेरी पाठवण्याची पद्धत संपली. आता नव्या पिंपांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात आणि मग ती रिकामी करून स्कॉटलंडला धाडतात. पूर्वी शेरीसाठी पिंप होते. आता पिंपासाठी शेरी आहे.