आधी थांबणं, मग कॅमेरा

पवनचक्क्यांच्या पात्यांनी पक्षी मरतात, हे कळायला कॅमेऱ्यांची गरज पडली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत १९८०च्या दशकात हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तिथे सोनेरी गरुड मरताहेत, हे राज्याच्या ऊर्जा आयोगाच्या १९९२च्या अहवालातच नोंदलं गेलं. तरी शिकारी पक्ष्यांचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं बंधन कंपन्यांनी स्वीकारलं ते २००७ साली, तेही पक्षिसंस्था कोर्टात गेल्यानंतर झालेल्या तडजोडीत. मधल्या पंधरा वर्षांत उणीव माहितीची नव्हती, चक्की थांबवण्याच्या सक्तीची होती. आज पक्षी ओळखणाऱ्या यंत्रांचं कौतुक करताना हा इतिहास विसरता कामा नये.

स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाच्या आसपास, हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. युरोपातून आफ्रिकेत जाणारे कित्येक पक्षी इथूनच जिब्राल्टरची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडतात, आणि ज्या वाऱ्यासाठी पवनचक्क्या आल्या त्याच वाऱ्यावर गिधाडं तरंगतात. गिधाड मान खाली घालून जमिनीवरचं मढं शोधत असतं. त्याच्या डोळ्यांची ठेवण अशी, की मान वाकवली की उडण्याच्या दिशेचं त्याला काहीच दिसत नाही. समोरचं पातं पाहून त्याने बाजूला व्हावं, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून २००८पासून तिथे दुर्बिणी घेतलेले निरीक्षक नेमले गेले. थवा धोक्याच्या रेषेत आला की नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि नेमकी तेवढीच चक्की थांबवायची. गिधाडांचे मृत्यू निम्म्याने घटले आणि वर्षभरात वीज बुडाली फक्त ०.०७ टक्के. थांबणं परवडत नाही, या तक्रारीला याहून चोख उत्तर नाही.

मग कॅमेरा कशाला? माणसाचा डोळा थकतो, आणि कित्येक किलोमीटर पसरलेल्या माळावर माणसं पुरत नाहीत. वायोमिंगमध्ये खांबावर बसवलेले कॅमेरे गरुड दुरूनच ओळखून चक्की थांबवण्याचा आदेश देऊ लागले. गरुडांचे मृत्यू ८२ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी तपासून घट झाल्याचा पुरावा तोकडा असल्याचं म्हटलं, आणि मूळ संशोधकांनी ते अमान्य केलं. हा वाद मला यंत्राविरुद्धचा कौल वाटत नाही. पण एखाद्या ठिकाणचा आकडा सगळीकडे लागू करू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

मांजरं पवनचक्क्यांहून कितीतरी जास्त पक्षी मारतात, असंही सांगितलं जातं. ते खरं आहे, पण मांजर मारतं ते बहुतेक चिमण्यांसारखे छोटे पक्षी. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लाला वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. तिथे एकेका पक्ष्याचा हिशेब ठेवावा लागतो.

यंत्राच्या आवाक्याबाहेरचं नुकसान मात्र आपल्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसलं. २०१८च्या अभ्यासात, पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. जिथे पक्षी फारसे फिरकतच नाहीत, तिथे चक्की थांबवून काय साधणार? पठारावर पहिला खड्डा खणण्याआधी पक्ष्यांची वर्षभर पाहणी व्हावी, आणि चक्की थांबवण्याची अट परवान्यातच लिहिलेली असावी.